थेंबभर थुंकी

सर सगळ्यांसमोर कपात थुंकले. नुसते थुंकले नाहीत. आधी घसा खाकरला, मग कप उंच धरून पाहुण्यांना दाखवला. "लोक हिला घाण म्हणतात. आम्ही हिच्यातून माणसं वाचवणार!" टाळ्या पडल्या. बाजूला हातमोजे घालून उभ्या असलेल्या संशोधिकेला किळस आली.

थुंकीची तिला किळस नव्हती. कितीतरी वर्षं ती परक्या माणसांच्या थुंकीतच हात घालून बसली होती. घरी जावेनं तिचं नाव 'थुंकीवाली' पाडलं, तेही तिनं हसून घेतलं होतं. किळस आली ती समोरच्या मीटरची.

थुंकी तपासायची पट्टी तिची होती. नखाएवढ्या टोकावर सोन्याच्या कणांचा लेप. कण इतके बारीक, की सोनं पिवळं न दिसता लाल दिसायचं. तोंडाच्या कॅन्सरमध्ये वाढणारं एक प्रथिन त्या लेपावर अडकलं, की पट्टीतली वीज घटायची आणि मीटरवरचा आकडा वर जायचा. ताजी पट्टी चोख चालायची. डब्यात पडून राहिली की मात्र बिघडायची, धडधाकट माणसालाही आजारी ठरवायची. तिला अजून वर्षभर हवं होतं. सरांना पाहुणे हवे होते. म्हणून काल त्यांनी मीटरवाल्याला शेजारी बसवून मीटरमध्येच फेरफार करून घेतला. पट्टीवर काहीही पडो, पडद्यावर 'नॉर्मल'च उमटलं पाहिजे.

"मग सर, थुंकी तरी कशाला? नळाचं पाणी टाकू," ती म्हणाली होती.

"प्रात्यक्षिक आहे गं, परीक्षा नाही. फोटो काढताना कोणी शेंबूड दाखवतं का?"

आणि आता थेंब सोडायला हात तिचाच वापरला होता. 'नॉर्मल' उमटलं. सरांनी छाती फुगवली. पाहुण्यांमधल्या एक बाई पुढे आल्या आणि त्यांनी तिचा मोजा घातलेला हात तसाच दोन्ही हातांत धरला. "माझ्या वडिलांना फार उशिरा कळलं हो. तुम्ही आधी का नाही भेटलात?" तिला त्यांच्याकडे वर बघवेना.

पाहुणे जेवायला खाली गेले. ती टेबल आवरायला मागे राहिली. कपात थुंकी तशीच होती, फेसाळ, कडेला चिकटलेली. कचऱ्यात टाकायला तिनं कप उचलला आणि हात थांबला. सकाळीच केलेल्या ताज्या पट्ट्या फ्रिजमध्ये होत्या. हात न लावलेला दुसरा मीटर कपाटात होता. खरा आकडाही नॉर्मलच येणार, आणि तो नेऊन सरांच्या तोंडावर मारायचा. बघा, खोटं बोलायची गरजसुद्धा नव्हती!

आकडा आला. तिनं पट्टी फेकून दुसरी घेतली, मग आणखी एक. मग स्वतःची थुंकी घेऊन पाहिली. तिचा आकडा खाली. सरांचा दर वेळी वर. खूप वर.

तिनं मीटर बंद केला. मनात पहिला विचार आला तो 'बरं झालं' असा. दिवसभरात तिला सगळ्यात जास्त किळस आली ती त्याची.

सर केबिनमध्ये फोनवर अभिनंदन घेत होते. तिनं दार लावून घेतलं.

"सर, फोन ठेवा."

तिच्या आवाजानंच असेल, त्यांनी ठेवला.

"तुमचा नमुना मी ताज्या पट्टीवर, खऱ्या मीटरवर तपासला. आकडा बराच वर आहे. एवढ्यावरून आजार आहे असं म्हणता येत नाही. पण उद्याच्या उद्या डॉक्टरांना तोंड दाखवा."

"कालचा राग काढतेस होय?" सर हसले.

"तोंडात कुठे काही झालंय का? बरेच दिवस न भरणारं?"

हसू ओठांवरच राहिलं. सरांची जीभ गालाच्या आत कुठेशी गेली आणि तिथंच थांबली. गालाला बाहेरून लहानसा उंचवटा आला.

"एक जखम आहे," ते म्हणाले. "दात लागत असेल म्हटलं."

सर उठले, टेबलाला वळसा घालून तिच्यासमोर येऊन उभे राहिले. मघाशी सभा जिंकणारा तो आवाज आता जेमतेम ऐकू येत होता.

"पण सगळ्यांसमोर तर नॉर्मल आलं होतं ना गं?"