खलनायकाचे संवाद

नायकाच्या मनात पाल चुकचुकत होती. लागोपाठ तिसऱ्या सिनेमात टाळ्या-शिट्ट्या खलनायकाच्या तिरकस बोलण्याला, आणि हा मात्र नुसताच सज्जन! मेकअपला बसल्याबसल्या त्याने कोपऱ्यातल्या लेखिकाताईंना धारेवर धरलं. "खरं सांगा, तो तुमचा कोण लागतो? नाहीतर उद्यापासून दुसरा लेखक आणतो."

तेवढ्यात पावडर लावणाऱ्या मावशींवर तो घसरला, "मावशी, तुमच्या या वेगाने शूटिंगला थेट माझा नातूच उभा राहील!"

लेखिकाताईंनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

"दादा, त्याचे संवाद मी लिहीतच नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही इथे बसून सगळ्यांना जे ऐकवता, तेच टिपून घेते. घाम फुटतो तो तुमचे लिहिताना."