पी तियालची झोप

म्हातारी पी तियाल बराच वेळ बोलत राहिली. हातवारे करून, भुवया उडवून, मध्येच मांडीवर थाप मारून. ती थांबली तेव्हा दुभाषी मावी समोर बसलेल्या पुई यीकडे वळली आणि खाली बघत म्हणाली, “मला झोप लागत नाही.”

“एवढंच?” पुई यीने विचारलं.

“एवढंच.”

पुई यीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच.

क्वालालंपूरला, पुडूच्या बाजारामागे, एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर विद्यापीठाचं हे मोफत समुपदेशन केंद्र होतं. येणारे बहुतेक बर्मातून पळून आलेले चिन जमातीचे लोक, आणि ऐकून घेणारे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. पुई यी त्यांतलीच एक. तिला चिन भाषेचं अक्षरही येत नव्हतं, म्हणून मध्ये मावी. दुभाष्याने ‘या असं म्हणतात’ म्हणायचं नाही, ‘मी’ म्हणूनच बोलायचं, अशी तिथली पद्धत. त्याने मधला माणूस नाहीसा होतो, असं वर्गात शिकवलं होतं. मावी काही केल्या नाहीशी होत नव्हती.

पुढच्या आठवड्यात सगळं उलटंच. म्हातारी जेमतेम दोन शब्द बोलली आणि मावी थांबेचना.

“माझी धाकटी बहीण माझ्यामागून होडीत चढत होती. दलाल म्हणाला, जागा नाही. मी तिचा हात सोडला. कुणी सोडवला नाही, मीच सोडला. होडी निघाली तरी ती काठावर उभी होती. हाकसुद्धा मारत नव्हती.”

पुई यीने डोळे पुसले. पण पी तियालचे डोळे कोरडे ठणठणीत. ती मावीकडे टक लावून बसली होती आणि पढवून आणलेल्या साक्षीदारासारखी मान हलवत होती.

पुई यीने चौकशी केली. म्हातारी मावीच्याच फ्लॅटवर राहत होती. मावीच तिला आणायची, मावीच परत न्यायची. हे काही ठीक दिसेना.

एकदा तिने मावीला मुद्दाम चहा आणायला खाली पिटाळलं आणि म्हातारीजवळ सरकली. दाराकडे बोट केलं, मग स्वतःच्या गालावर चापट मारल्यासारखं दाखवलं. ती मारते तुम्हाला? पी तियाल गडबडून उठली आणि “मावी! मावी!” करत दाराकडे निघाली. बिचारी किती धास्तावली आहे, असं पुई यीने ठरवूनच टाकलं.

तरी काम सोडलं नाही. बहिणीच्या दुःखावर ती मनापासून बोलत राहिली. एकदा म्हणाली, “तुम्ही हात धरून ठेवला असता तर दोघीही काठावर राहिल्या असत्या. तुम्ही तिला टाकलं नाही. तुम्ही तेवढ्या वाचलात.”

मावी ग्लासभर पाणी प्यायली. मग म्हातारीला काहीतरी पुटपुटली.

“झालं सांगून?”

“झालं.”

“इतक्यात? तुमची भाषा रबराची दिसते. हवी तेव्हा ताणते, हवी तेव्हा आखडते.”

मावी हसली नाही.

आणि मग तो दिवस आला. “मला आता झोप लागते,” मावी म्हणाली. शेजारी पी तियाल जबडा फाटेल एवढी मोठी जांभई देत होती. पुई यीचं डोकं सणकलं. ती तडक केंद्र चालवणाऱ्या तिलगवती मॅडमच्या खोलीत शिरली.

“मॅडम, ही बाई प्रकरण गुंडाळतेय. म्हातारीला घरात दाबून ठेवलंय, आणि इथेही तोंड उघडू देत नाही.”

“हे खरं निघालं तर मावीला कुठलंच केंद्र दारात उभं करणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “आणि खोटं निघालं तर?”

“तर मी तिची माफी मागेन.”

“माफीने कुणाचं पोट भरत नाही, पोरी.”

पण हयगय करून चालणार नव्हतं. विद्यार्थ्यांचं काम तपासता यावं म्हणून पी तियालच्या संमतीने प्रत्येक भेटीचं रेकॉर्डिंग होत असे. मॅडमनी अमेरिकेतल्या एका चिन दुभाष्याला फोन लावला. त्याचं इथे कुणाशी नातं ना गोतं. आधी होडीच्या दिवसाचा भाग त्याला ऐकवला.

“आजी फक्त ‘बोल आता’ म्हणाल्या,” तो म्हणाला. “पुढचं सगळं त्या दुसऱ्या बाई तुमच्या भाषेत बोलतायत.”

“आणि बहीण? होडी?”

“आजींनी बहिणीचं नावही काढलेलं नाही.”

“बघा मॅडम!” पुई यी उसळली. “सगळं रचलेलं!”

मॅडमनी हातानेच तिला गप्प केलं आणि पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. म्हातारीचा आवाज खोलीत घुमला. तो संपला.

“ऐकू आलं ना?” मॅडमनी विचारलं.

“आलं. परत लावा.”

परत लावलं.

“धमकावतेय ना ती आजींना?” पुई यीला राहवेना.

“नाही हो. आजीच तिला दटावतायत.” त्याने घसा खाकरला आणि एकेक वाक्य सांगू लागला. “‘मला मेलीला काय धाड भरलीय, मी तर रात्रभर घोरते. झोप तुझी उडालीय. इथे कामाला आहेस म्हणून तुला यांच्यापुढे बसता येत नाही ना? मग माझ्या नावावर बस. पोरगी चांगली दिसते, ऐकून घेईल. सांग तिला, बहिणीचा हात कसा सुटला ते. मी आजारी आहे तोवर बोलून घे.’”