तळाची खडी

घरातलं काहीही बदलायला बंदी घालण्याचा अधिकार नवऱ्यांना ज्याने कोणी दिला, त्याने एकदा काकूंच्या संसारात राहून दाखवावं! विटके पडदे, डुगडुगतं टेबल, कशाचाही विषय काढला की काका भडकायचे. "काय वाईट आहे त्यात? हात लावायचा नाही!"

फिश टँकच्या तळाची खडी बदलायला मात्र काकांनी चक्क परवानगी दिली. काकू उत्साहात सगळीच खडी उपसायला निघाल्या, तसे ते ओरडले. "अगं, मारतेस का माशांना? पाणी चांगलं ठेवणारे जिवाणू त्या जुन्या खडीतच असतात. दर आठवड्याला एकच कोपरा बदल. माशांना पत्ताही लागणार नाही."

काकूंनी मुकाट्याने तसंच केलं. शेवटचा कोपरा बदलला त्या दिवशी काका टँकसमोर ऐसपैस बसून मिशीत हसले. "बघ, एक मासा दगावला नाही. माझं ऐकत जा जरा."

"ऐकलं की! टँकबरोबर हॉलचाही एकेक कोपरा बदलत गेले."



काका हॉलभर नजर फिरवू लागले, तशा काकू म्हणाल्या, "आता सांगा, बूड टेकवलंय तो सोफा घरात कधी आला?"