मोस्त्रील

"‘मोस्त्रील’ म्हणजे काय?" मुख्य परीक्षक असलेल्या मोठ्या सरांनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

टकळीने हातातल्या पानाकडे पाहिलं. खरंच तसं छापलेलं होतं. ‘मोस्त्रीलवर गट करून त्यांनी आपली संघटना बांधली.’

"मोबाईल, सर," ती पुटपुटली. मोबाईलच्या पोटात ‘बाई’ बसलेली असते, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. मार्गदर्शक मॅडमनी तिसऱ्या पानावर, एका वाक्याशेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘बाई नको, स्त्री करा.’ फक्त त्या एका वाक्यात. टायपिंगवाल्या काकांनी एक बटण दाबून अख्ख्या निबंधातल्या झाडून साऱ्या बायांच्या स्त्रिया करून टाकल्या होत्या. प्रती हातात पडल्या त्या आज सकाळी, गरम गरम. वाचून बघायला वेळ कुणाला होता!

सभागृहात खसखस पिकली. सकाळपासून अकरा निबंध ऐकून मंडळी कंटाळली होती. कुणी कादंबऱ्यांतल्या नायिका आणल्या होत्या, कुणी निवडणुकांचे निकाल, कुणी महागाई. टकळीचा बारावा, ‘बाई’ या एका शब्दावरचा. निवड एकाचीच व्हायची होती, आणि निवड झाली तर पुढचं संशोधन विद्यापीठाच्या खर्चाने. नाही झाली, तर शिक्षण इथेच संपलं, हे घरी केव्हाच ठरलं होतं. आई म्हणाली होती, "माझ्याच्याने ओढवलं तेवढं मी ओढलं गं पोरी."

"पुढे वाचा," सर म्हणाले.

ती वाचत राहिली. ‘सासूस्त्री’ आली, ती तिने खोकल्यात घालवली. ‘स्त्रीकवरून येणारा मुकादम’ आला, तो गाळला. आणि मग ते वाक्य आलं, ज्याच्यावर सगळा निबंध उभा होता. गडबडीत तिने ते समोर होतं तसं वाचून टाकलं.

"‘स्त्री’ म्हटलं की शाळेत अख्खा वर्ग उठून उभा राहतो..."

आता मात्र हशा आवरेना. सर म्हणाले, "मुली, चाळीस वर्षं शिकवलं मी. हा शब्द तर तासातासाला उच्चारला. माझा वर्ग काही उभा राहिला नाही."

टकळीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. लहानपणी बोलायला लागली ती थांबेचना, म्हणून आईने तिचं नाव टकळी ठेवलं होतं. आज ऐन वेळी तिची वाचा बसली.

"स्त्री नाही गं, बाई!" दाराकडून आवाज आला.

सगळ्या माना वळल्या. दाराच्या चौकटीला टेकून टकळीची आई उभी होती. ‘मला नाही कळायचं तुमचं ते’ म्हणून सकाळी इथे यायला साफ नाही म्हणाली होती. आणि आता पदर खोचलेला, हात अजून ओले, अशी ती घडाघडा बोलत होती, "‘बाई’ म्हटलं की शाळेत अख्खा वर्ग उठून उभा राहतो. घरात मात्र बसलेला माणूस नुसते पाय वर घेतो. हाक एकच, मोलं दोन. असं आहे ते. चौथं पान."

टकळी बघतच राहिली. तिने प्रत्येक खर्डा आईला मोठ्याने वाचून दाखवला होता. आई भाजी चिरत असायची, हूं नाही की चूं नाही. ही ऐकत होती तर! टकळीला त्या क्षणी निवडीची फिकीर उरली नाही, इतका तिला आनंद झाला.

"वाक्य चांगलं आहे," सर म्हणाले. "पण हे झालं मत. पुरावा काय?" मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "आणि आपण कोण?"

आई गांगरली. दारात उभं असताना आतून ‘कोण?’ असं आलं की वीस वर्षं ती एकच उत्तर देत आली होती. तेच तिच्या तोंडून निघालं.

"मी बाई."

"अरे वा! या, या, पुढे या, बाई!" सर ताडकन उठले. त्यांच्या डाव्या उजव्या हाताचे परीक्षक उठले. पहिली रांग उठली, तिच्यामागची उठली. कुणी खुर्ची पुढे ओढली. "कोणत्या शाळेत असता आपण?"

"शाळेत नाही हो," आई म्हणाली. "पाच घरी. धुणी, भांडी, फरशी. चौथ्या घरी उशीर होतोय, मी बसत नाही."

सर उभे होते. त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. सगळेच उभे होते. मग त्यांच्या पांढऱ्या मिशा थरथरायला लागल्या, आणि ते असे खदखदून हसले की शेजारच्या परीक्षकांनी त्यांना पाण्याचा पेला दिला.

"बसा, बाई," हसू ओसरल्यावर ते म्हणाले. "तुम्ही बसल्याशिवाय इथे आता कुणी बसत नाही."

आई खुर्चीच्या कडेवर टेकली. सरांनी गुणांचा कागद ओढला. उभ्याउभ्याच, मागच्या रांगेला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणत त्यांनी लिहिलं, "निबंध क्रमांक बारा. पैकीच्या पैकी. पुरावा : परीक्षक स्वतः."