काही न करण्याचं काम

"सिस्टर, आज माझा हात उगाच त्या ट्रेकडे गेला, तर खुशाल फटका मारा," हातमोजे चढवता चढवता डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मारीन," सिस्टर म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या सोबतीत असली आज्ञा त्यांना पहिल्यांदाच मिळाली होती, आणि ती त्यांना मनापासून आवडलेली दिसली.

डॉक्टरीणबाईंचे हात हे एक प्रकरणच होतं. जांघेतून बारीक नळी घालायची, ती थेट मेंदूपर्यंत न्यायची आणि रक्तवाहिनीवरचा फुटलेला फुगा आतून बुजवायचा, हे त्यांचं रोजचं काम. त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण हे हात घरीही गप्प बसत नसत. शिजत्या भांड्यावरचं झाकण दहादा उघडायचं, पाहुणा बसलेला असतानाच त्याच्या खुर्चीचा सैल स्क्रू पिळायचा. लेकीच्या गुडघ्यावरची खपलीसुद्धा त्यांनी कधी सुखाने वाळू दिली नव्हती.

टेबलावर रेडिओवरचा निवेदक आडवा होता, चांगला जागा. भूल फक्त जांघेपुरती. पंधरवड्यापूर्वी त्याच्या मेंदूच्या देठात, केसासारख्या बारीक वाहिनीवरचा मोहरीएवढा फुगा फुटला होता. माणूस वाचला, पण फुगा तिथेच राहिला. बाईंनी असला फुगा तोवर पुस्तकातच पाहिला होता. आत जाळीची नळी बसवावी, तर ती बारीक वाहिनी बंद पडायची धास्ती, आणि त्याचं बोलणं-गिळणं सगळं तिच्यावर. न बसवावी, तर फुगा पुन्हा फुटायची धास्ती. "बसवून टाका आणि मोकळ्या व्हा," असं सहकारी म्हणाले. बाईंनी थांबायचं ठरवलं आणि त्या दिवसापासून स्वतःची झोप घालवून बसल्या. निवेदकाला तेव्हापासून खदखदून हसायची बंदी होती. त्याची बायको खोलीच्या दाराशी बसून विनोदी मित्रांना आल्या पावली परत पाठवत होती.

आज फक्त बघायचं होतं. फुगा वाढला असेल तरच हात घालायचा, असं बाईंनी सगळ्यांसमोर कबूल केलं होतं.

"नळीतून रंग सोडतेय, आता डोक्यात गरम वाटेल. हलू नका," त्या म्हणाल्या.

"वाटलं. कोणीतरी कानामागून चहा ओतला."

पडद्यावर रक्तवाहिन्यांचं काळं झाड उमटलं. बाई पुढे वाकल्या. फुगा होता. पण केवढासा!

"मॅडम, मोहरीची खसखस झाली की!" काचेपलीकडून तंत्रज्ञ ओरडला.

बाईंना इतका आनंद झाला, की क्षणभर पडदा धूसर दिसला. पण आनंदाच्या मागोमाग खाज आली. नळी नेमकी जागेवर उभी होती. वाट सापडली होती. एवढं आलोच आहोत, तर उरलेल्या खसखशीचाही निकाल का लावू नये? घरी गेल्यावर ती फुटली तर? अशी वाट पुन्हा मिळेल कशावरून? बाई हा विचार करत होत्या, तोवर त्यांचा उजवा हात जाळीची नळी ठेवलेल्या ट्रेपाशी पोचलाही होता.

सटकन फटका बसला.

"कसला आवाज आला?" निवेदकाने विचारलं.

"डास होता," सिस्टर म्हणाल्या.

"इथे? डास?"

"आता नाही."

बाईंनी सिस्टरकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि एक लांब श्वास सोडून नळी हळूहळू मागे ओढायला सुरुवात केली.

नळी निघाली की जांघेतली ती जागा बोटांनी दाबून धरावी लागते. रक्त पुरतं थांबेपर्यंत हात तसूभरही हलवायचा नाही. एरवी हे कंटाळवाणं काम धाकट्या डॉक्टरांच्या गळ्यात मारून बाई पुढच्या पेशंटकडे पळत. आज त्या स्वतःच दाबून उभ्या राहिल्या.

"काय केलंत, डॉक्टर?" निवेदकाने विचारलं.

"काही नाही. फुगा आपला आपण आटतोय. पुढच्या महिन्यात पुन्हा बघू."

"मग आत इतका वेळ?"

"काही न करायला वेळ लागतो हो."

निवेदकाने घसा साफ केला. मग रोज सकाळी हजारो घरांत ऐकू येणाऱ्या त्या भरदार आवाजात म्हणाला, "डॉक्टर, एक उपकार करा. बाहेर माझी बायको बसली आहे. मी घरी काही न करता बसतो, त्यालाही अंगात कसब लागतं, एवढं तिला तुमच्या तोंडून सांगा."

सिस्टरांनी झटकन पाठ फिरवली. काचेपलीकडे तंत्रज्ञ खुर्चीतून घसरायच्या बेतात होता. बाईंनी ओठ घट्ट मिटले, तरी मास्क फुगलाच. डोळ्यांतून पाणी आलं, खांदे गदगदा हलायला लागले. खाली दोन बोटं मात्र जिथे ठेवली होती, तिथेच होती.