आठवा शिक्का

"शिक्क्याला कधी पासवर्ड लागला नाही," शेजारच्या खुर्चीतून हातानो-सान पुटपुटल्या. स्वतःशीच, पण जयंतीला ऐकू जाईल इतपत.

जयंतीनं न ऐकल्यासारखं केलं. पडद्यावरचा कागद तिसऱ्यांदा तिथेच अडकला होता. नऊ जणांच्या यादीत, आठव्या नावावर. ओनोदेरा.

टोकियोतलं हे सरकारी कार्यालय मंत्रिमंडळाच्या दिमतीला होतं. मंत्री मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी भेटत, पुढ्यातल्या कागदांवर सह्या करत आणि निघून जात. तो प्रत्येक कागद आधी इथे यायचा. इथली माणसं त्यातला स्वल्पविरामसुद्धा तपासायची. नऊ जणांचे, आपापल्या नावाचे लाल शिक्के उमटले, की मगच तो वर जायचा. मंत्र्यांची नावं पेपरात छापून येत. इथल्यांची नावं त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसत. हे शिक्के संगणकात घालायला एका सॉफ्टवेअर कंपनीनं पुण्याच्या जयंतीला इथे आणून बसवलं होतं. शुक्रवारपासून कागद बंद. आज बुधवार.

"ओनोदेरा-सान कधी भेटतील?" तिनं सोमवारी विचारलं होतं.

"ते आत्ता जागेवर नाहीत."

मंगळवारी विचारलं, तरी तेच. बाहेरून कुणाचा फोन आला तरी तेच, आणि तितक्याच अदबीनं. टेबल मात्र रोज पुसलेलं असायचं. कागदी फायलींवर त्यांचा शिक्काही असायचा, कालच्या तारखेचा, अगदी ताजा. आपण जेवायला गेलो की हा माणूस येऊन जातो, अशी जयंतीनं स्वतःची समजूत घातली होती.

मग काल तिनं पाहिलं. हातानो-साननी ओनोदेरांचा खण उघडला. शिक्का काढला, उमटवला, कागदानं नीट पुसला आणि परत ठेवला. एखाद्या लहान मुलाचं तोंड पुसावं तसा.

"फेब्रुवारीपासून मीच मारते," त्या म्हणाल्या. मग चहाच्या खोलीत नेऊन, नळ सोडून, हलक्या आवाजात बाकीचं सांगितलं. एका सकाळी ओनोदेरांनी याच टेबलावर डोकं टेकलं. ते पुन्हा उचललंच नाही. वय एक्केचाळीस. त्यांची बायको दर महिन्याला येते, खालच्या दालनात बसते आणि एकच विचारते, इथे काय झालं ते मला लिहून द्या. कार्यालय दर महिन्याला तिला लिहून देतं, हृदयविकार. ती वाचते, वाकून नमस्कार करते आणि जाते.

"आणि त्या दिवशी खरंच काय झालं?" जयंतीनं विचारलं.

हातानो-साननी नळ बंद केला.

आत्ता जयंतीचा मोबाईल थरथरला. कंपनीचा प्रताप.

"अगं, गेलेल्या माणसाचं नाव यादीतून काढायला तीन दिवस? डिलीट कर आणि हो मोकळी."

"मला नाही काढता येत. त्यांच्या साहेबांनीच काढायचं. आणि कारण भरल्याशिवाय निघत नाही."

"असला शहाणपणा कुणी केला?"

"मीच," जयंती म्हणाली.

कारणांची यादीही तिचीच होती. बदली, निवृत्ती, राजीनामा, दीर्घ रजा. आणखी कशानं माणूस ऑफिसातून जाईल, हे तेव्हा तिला सुचलंच नव्हतं.

ती उठून विभागप्रमुख कुझे-सानकडे गेली. ते लगेच आले. करड्या सुटातला, आवाज न करता चालणारा माणूस. वाकून त्यांनी चारही कारणं वाचली.

"दीर्घ रजा चालेल," ते म्हणाले.

"रजा?" हातानो-सान फायलीतून मान वर न करता म्हणाल्या. "एक दिवस तरी घेतली होती का त्यांनी?"

कुझे-साननी माऊसवरचा हात काढून घेतला.

"मी पाचवं कारण घालून देते," जयंती घाईनं म्हणाली. दोन मिनिटांत घातलं. मृत्यू. त्याच्यासमोर तपशिलाचा एक मोकळा रकाना उघडला.

"इथे लिहावंच लागतं?"

"हो."

"आणि हे कुठे कुठे जातं?"

"एक प्रत वरच्या कार्यालयात. एक घरच्यांना." तिला उगाचच अपराधी वाटलं. "प्रती पाठवायचा नियम तुमचाच आहे, कुझे-सान. मी फक्त घातलाय."

"हो. नियम मीच लिहिलाय."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ रिकामी अशी एकच खुर्ची होती. फेब्रुवारीपासून तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. ती ओढून घेऊन ते बसले. खोलीतली टाइपिंगची टकटक एकेक करून थांबत गेली. कुणाच्या तरी टेबलावरचा फोन वाजत राहिला. तो कुणी उचलला नाही.

"किती अक्षरं मावतात?" त्यांनी विचारलं.

"दोनशे."

"एवढी नाही लागणार." त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "मी सांगतो. तुम्ही टाइप कराल?"

जयंतीनं बोटं कळांवर ठेवली. हातानो-सान उभ्या राहिल्या होत्या.

"लिहा," कुझे-सान म्हणाले. मजकूर सांगताना नेहमी असायचा तसाच त्यांचा आवाज सपाट होता. "ओनोदेरा-सान सलग अकरा दिवस इथेच होते. अकराव्या दिवशी त्यांनी मला विचारलं, आज घरी जाऊ का? मी नाही म्हणालो."