टाक्याची गाठ

घरातल्यांच्या ग्रुपवर थोरल्या जाऊबाई रोज गच्चीतल्या भाजीचा फोटो टाकायच्या आणि सासूबाई खाली विचारायच्या, “धाकटीकडे काय उगवलं, काय शिजलं?” धाकटी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. तिच्या बाल्कनीतल्या टोमॅटोच्या रोपाला नुसती पानं होती. आज सगळे तिच्याकडे जेवायला येणार, म्हणून तिने बाजारातले सहा टोमॅटो टाक्यांच्या दोऱ्याने रोपाला बांधले. जाऊबाई तासभर आधीच टपकल्या आणि थेट बाल्कनीत गेल्या. एक टोमॅटो उलटा करून बघत राहिल्या. धाकटीने थाप मारायला तोंड उघडलं, मिटलं आणि कात्री आणली. “बाजारातलेच आहेत, वहिनी. ड्युटी करून मला एवढंच जमतं. आज सगळ्यांना हेच सांगणार.” दोरे कापून तिने सहाही टोमॅटो पातेल्यात टाकले. जाऊबाईंनी दोऱ्याची गाठ निरखली. “तुझी पक्की बसते. माझी सुटते गं. कात्री दे, घरी माझे बारा लटकलेत.”